टाउनहोममधला कचरा: नियम नेमका कोणाचा, हे आधी ओळखा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही निसटायला नको. अपार्टमेंट सोडून तुम्ही न्यू जर्सीतल्या एका टाउनहोम कम्युनिटीत, म्हणजे एकमेकांना लागून असलेल्या घरांच्या वसाहतीत, राहायला आलात. तिकडे सगळं एका डम्पस्टरमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक मोठ्या कचरापेटीत जायचं, इथे घरटी दोन कार्ट, म्हणजे चाकांच्या कचरापेट्या आहेत: एक कचऱ्याची, एक रिसायकलिंगची. पहिल्याच महिन्यात असोसिएशनचं, म्हणजे कम्युनिटीतल्या घरमालकांच्या संस्थेचं, पत्र आलं: कार्ट ठरलेल्या वेळेआधी बाहेर दिसला, पुन्हा दिसला तर दंड. टाउनशिपच्या, म्हणजे स्थानिक नगरपालिकेच्या, वेबसाइटवर कचरा उचलण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर कार्ट ठेवायला परवानगी आहे आणि तुम्ही साडेपाचला ठेवला होता. असोसिएशन मात्र सातच्या आधी नाही म्हणते. त्याच आठवड्यात रिसायकलिंगचा कार्ट न उचलता, झाकणावर स्टिकर लावून तसाच सोडला गेला. शेजारी एक सांगतात, दुसऱ्या काउंटीतले (जिल्ह्यातले) मित्र दुसरंच. ऐकायचं कोणाचं, हे तुम्हाला कळेना झालंय.

मी अशा टाउनहोम असोसिएशन्सचं व्यवस्थापन बघते. तुम्हाला आलं तशी पत्रं लिहिणं आणि ती मिळाल्यावर आलेले फोन घेणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. त्या अनुभवावरून सांगते, तुम्ही बेफिकीर आहात म्हणून हे घडलेलं नाही. एकाच कार्टवर तिघांचे नियम चालतात आणि आपली हद्द कुठे संपते हे तिघांपैकी कोणीच सांगत नाही, ही खरी अडचण आहे. नियम कोणाचा आहे हे कळलं की तो कशासाठी आहे हे बहुतेक वेळा आपोआप कळतं. कोणाशी बोलायचं तेही कळतं.

पहिला नियम सरकारचा. कोणती वस्तू कचऱ्यात जाते आणि कोणती रिसायकलिंगमध्ये, हे असोसिएशन ठरवत नाही. न्यू जर्सीत १९८७ पासून घरातच वर्गीकरण करणं कायद्याने बंधनकारक आहे. कोणत्या वस्तू वेगळ्या काढायच्या याची यादी काउंटी करते आणि प्रत्येक टाउनशिप ती आपल्या स्थानिक नियमात उतरवते. म्हणून दुसऱ्या काउंटीतल्या मित्राची यादी तुमच्या उपयोगाची नाही, त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं अगदी बरोबर असलं तरी. काही ठिकाणी कागद, डबे, बाटल्या सगळं एकत्र चालतं. काही ठिकाणी एका आठवड्याला कागद-पुठ्ठा आणि दुसऱ्या आठवड्याला डबे-बाटल्या. राज्य बदललं की फरक आणखी वाढतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून उष्टं-खरकटं आणि बागेतला पालापाचोळा वेगळा गोळा करण्याचा कायदा लागू झाला. व्हरमाँटमध्ये १ जुलै २०२० पासून अन्नाचे अवशेष कचऱ्यात टाकायलाच बंदी आहे. न्यू जर्सीत घरांसाठी असा राज्यभराचा नियम नाही. तेव्हा इंटरनेटवर दिसलेली कुठलीही यादी पाहताना ती कुठली आहे हे आधी बघा.

दुसरा नियम कचरा उचलणाऱ्याचा. इथे टाउनहोमची एक खास गोष्ट आहे, जी स्वतंत्र घरात राहणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. तुमच्या कम्युनिटीतले रस्ते बहुधा खासगी आहेत, म्हणजे असोसिएशनच्या मालकीचे. सार्वजनिक रस्त्यावरच्या घरांचा कचरा टाउनशिप उचलत असेल, तर न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे पात्र खासगी कम्युनिटीलाही तिने ती सेवा द्यावी लागते, किंवा तिचा खर्च असोसिएशनला परत करावा लागतो. त्यामुळे एकाच टाउनशिपमध्ये एका कम्युनिटीत टाउनशिपची गाडी येते आणि शेजारच्या कम्युनिटीत असोसिएशनने करार केलेल्या कंपनीची. दोघांचे वार वेगळे, सुट्ट्या वेगळ्या, मोठ्या वस्तू उचलण्याची पद्धतही वेगळी.

"आपला कचरा नेमकं कोण उचलतं?" हा मॅनेजमेंटला विचारण्याचा पहिला प्रश्न आहे. कचरा आणि रिसायकलिंग या दोन्हींबद्दल तो वेगवेगळा विचारा, कारण ही दोन कामं दोन वेगळ्या लोकांकडे असणं अगदी सर्रास आहे. याचं उत्तर मिळेपर्यंत टाउनशिपचं कॅलेंडर फ्रिजवर लावू नका. ते तुम्हाला लागू नसेलही.

तिसरा नियम असोसिएशनचा. कार्ट एरवी कुठे ठेवायचा, बाहेर कधी काढायचा, आत कधी घ्यायचा, गॅरेजबाहेर दिसला तर चालेल का, नुसती पिशवी ठेवली तर चालेल का, हे सगळं तिच्या अखत्यारीत येतं.

आता पाच की सात? असोसिएशन टाउनशिपपेक्षा कडक नियम करू शकते, सैल करू शकत नाही. टाउनशिप पाचनंतर ठेवू देते याचा अर्थ पाचच्या आधी कोणीच ठेवायचा नाही. असोसिएशनने त्यावर सात म्हटलं तर तुमच्यासाठी सात. उलट एखाद्या असोसिएशनने "दुपारपासून ठेवा, हरकत नाही" असं लिहिलं, तरी टाउनशिपचा नियम त्यामुळे रद्द होत नाही. म्हणजे पत्रातला मुद्दा बहुधा बरोबर आहे. पण 'बहुधा' म्हणतेय, कारण एक अट आहे: तो सातचा नियम कुठेतरी लिहिलेला आणि बोर्डाने, म्हणजे असोसिएशनचा कारभार बघणाऱ्या मंडळाने, रीतसर मंजूर केलेला असला पाहिजे. 'आमच्याकडे अशीच पद्धत आहे' एवढ्यावर दंड लावता येत नाही. याकडे शेवटी येते.

सातच का, असं तुम्ही विचाराल. टाउनहोममध्ये घरं खेटून असतात आणि ड्राइव्हवे आखूड. साठ घरांनी दोन-दोन कार्ट लवकर बाहेर काढले तर संध्याकाळच्या नेमक्या वर्दळीच्या वेळी रस्त्याच्या कडेला एकशेवीस कार्ट उभे राहतात. मुलं सायकलवर असतात, लोक कामावरून परतत असतात, पाहुण्यांना गाडी लावायला जागा उरत नाही. शिवाय कार्ट जितका वेळ बाहेर, तितकी प्राण्यांना संधी जास्त. रकून तर सगळीकडे आहेत. न्यू जर्सीच्या एकवीसही काउंट्यांमध्ये काळी अस्वलं दिसलेली आहेत आणि वायव्येकडच्या भागात तर त्यांचा नेहमीचाच वावर आहे. तिथल्या काही कम्युनिटींमध्ये आदल्या रात्रीही कार्ट ठेवू देत नाहीत, सकाळीच ठेवावा लागतो. हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि म्हणूनच हा निर्णय टाउनशिपपेक्षा असोसिएशनने घेणं मला योग्य वाटतं.

कार्ट कसा ठेवायचा हेही इथेच सांगते, कारण कार्ट न उचलला जाण्याचं कारण पुष्कळदा आतल्या कचऱ्यात नसतं. बऱ्याच गाड्यांना आता बाजूने यांत्रिक हात असतो. चालक उतरत नाही, तो हात कार्टला कवेत घेऊन उचलतो. त्यासाठी कार्टच्या दोन्ही बाजूंना साधारण तीन फूट मोकळी जागा लागते. चाकं आणि दांडा घराकडे, झाकणाचं तोंड रस्त्याकडे. झाकण पूर्ण बंद, कारण अर्धवट उघड्या झाकणातून वरच्या वस्तू उचलताना रस्त्यावर सांडतात. टाउनहोममध्ये ही तीन फुटांची जागाच मिळत नाही. तुमचा आणि शेजाऱ्यांचा ड्राइव्हवे लागून असेल तर चार कार्ट एका ठिकाणी येतात. शेजाऱ्यांशी एकदा बोलून ठरवून घ्या: त्यांचे त्या टोकाला, तुमचे या टोकाला. हिवाळ्यात बर्फाच्या ढिगावर कार्ट चढवू नका, तो हात तिथवर नीट पोचत नाही आणि कार्ट आडवा होतो. तेवढी जागा फावड्याने मोकळी करा.

आता स्टिकरकडे वळते, कारण याबाबत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत आणि इथे नियमामागचं यंत्र समजून घेतल्याशिवाय नियम लक्षात राहत नाही.

तुमचा रिसायकलिंगचा कार्ट ज्या छाननी केंद्रात जातो, तिथे सगळा माल जमिनीवर ओततात आणि तिथून तो सरकत्या पट्ट्यावर चढतो. सुरुवातीला माणसं हाताने चुकीच्या मोठ्या वस्तू काढतात. मग फिरत्या चकत्यांची रांग येते. चपटा, हलका कागद आणि पुठ्ठा त्यावरून तरंगत पुढे जातो, डबे-बाटल्यांसारख्या घनाकार वस्तू खाली पडतात. काच फुटून वेगळी होते. लोखंडी डबे चुंबक ओढून घेतो. अॅल्युमिनियमचे कॅन एका फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या धक्क्याने उडून बाजूला पडतात. प्लास्टिकवर अवरक्त प्रकाश टाकून त्याचा प्रकार ओळखतात आणि हवेच्या झोताने ते वेगळं करतात. म्हणजे यंत्र वस्तूला ओळखतं ते आकारावरून, वजनावरून, धातूवरून आणि परतून आलेल्या प्रकाशावरून. ती 'चांगली' आहे की नाही, आपण कोणत्या भावनेने टाकली, हे त्याला कळत नाही.

हे डोळ्यांसमोर ठेवलं की बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. प्लास्टिकची पिशवी का नको? कारण ती त्या फिरत्या चकत्यांच्या दांड्याभोवती गुंडाळली जाते. मग पट्टा बंद करून माणसांना आत उतरून ती चाकूने कापून काढावी लागते. तेच पाण्याच्या होजचं, ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळांचं, कपडे वाळत घालायच्या दोरीचं, चार्जरच्या वायरचं. डबे-बाटल्या पिशवीत भरून, वर गाठ मारून टाकणं ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली सवय आहे, आणि तुमच्या स्टिकरचं कारणही बहुधा तेच असेल. अपार्टमेंटमध्ये डम्पस्टरपर्यंत पिशवी न्यावी लागायची, तीच सवय इथे आली. घरात पिशवीत साठवा, हरकत नाही, पण कार्टमध्ये ओतताना वस्तू सुट्या ओता. न्यू जर्सीत ४ मे २०२२ पासून दुकानांत एकदा वापरायच्या प्लास्टिक पिशव्या बंद आहेत. तरी ब्रेडच्या पिशव्या, पार्सलचं प्लास्टिक, टिश्यूच्या गठ्ठ्यावरचं वेष्टन घरात येतंच. ते स्वच्छ आणि कोरडं असेल तर बऱ्याच मोठ्या किराणा दुकानांच्या दारात त्यासाठी वेगळी पेटी असते, तिथे द्या.

कागदाचे बारीक तुकडे का नकोत? चकत्यांच्या फटींतून ते खाली पडतात आणि काचेत मिसळतात. काळे प्लास्टिकचे टेकआउट डबे बऱ्याच ठिकाणी का घेत नाहीत? त्यातलं काळं रंगद्रव्य अवरक्त प्रकाश शोषून घेतं, मग यंत्राला तो डबा दिसतच नाही. कॅन पायाखाली चेपून टाकू नका असं का सांगतात? चपटा झाला की तो कागदाबरोबर तरंगत जातो. पुठ्ठ्याचे खोके मात्र चेपायलाच हवेत. ते चेपले नाहीत तर कार्ट त्यातच भरतो आणि त्यांच्या आत दुसऱ्या वस्तू अडकून राहतात. बाटलीचं झाकण बऱ्याच ठिकाणी आता बाटलीला लावूनच ठेवायला सांगतात, कारण सुटं झाकण फटीतून निसटतं. फुटलेला पाण्याचा ग्लास, ओव्हनमध्ये चालणारं काचेचं भांडं, चिनी मातीची बशी यांतलं काही बरणीच्या काचेबरोबर टाकू नका. या वस्तू बरणीच्या काचेपेक्षा वेगळ्या तापमानाला वितळतात आणि नव्या बाटलीत दोष राहतो. जाड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका.

प्लास्टिकच्या तळाशी असलेल्या त्रिकोणातल्या आकड्याने फार गोंधळ घातलाय. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने तो आकडा काढला, वस्तू कोणत्या प्रकारच्या प्लास्टिकची आहे हे कळावं म्हणून. ती वस्तू तुमच्या गावात रिसायकल होते असं त्यातून ठरत नाही. पण भोवती बाणांचा त्रिकोण असल्याने लोकांनी तसाच अर्थ घेतला. २०१३ मध्ये या खुणेच्या मानकात बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण आणला गेला, तरी जुनी खूण अजून सर्रास दिसते. व्यवहारात १ आणि २ आकड्यांच्या बाटल्या-बरण्या जवळपास सगळीकडे घेतात, ५ पुष्कळ ठिकाणी घेतात, आणि ३, ६, ७ यांना बहुतेक ठिकाणी नकार असतो. नक्की काय ते तुमच्या टाउनशिपच्या यादीतच बघा.

"पूर्वी सगळं घ्यायचे, आता इतके कडक का झाले?" हा प्रश्न जुने रहिवासी मला नेहमी विचारतात. अमेरिकेतला बराचसा मिश्र कागद आणि प्लास्टिक अनेक वर्षं चीनला जात होतं. २०१८ च्या सुरुवातीला चीनने त्यातल्या कित्येक प्रकारांची आयात बंद केली आणि जे घ्यायचं त्यात अशुद्धी अर्ध्या टक्क्याच्या वर नको अशी अट घातली. खराब माल घेणारं गिऱ्हाईक गेलं, तो वेगळा काढून पुरायचा खर्च इथल्या केंद्रांवर आला. तेव्हापासून काही ठिकाणी चालक उतरून झाकण उघडून पाहतात, काही गाड्यांवर कॅमेरेही असतात. म्हणून तुम्हाला स्टिकर मिळाला. स्टिकरवर बहुधा कारणाच्या चौकटीत खूण केलेली असते, ती वाचा. चुकीची वस्तू काढून घ्या आणि कार्ट पुढच्या फेरीला पुन्हा ठेवा. वैतागून सगळा माल कचऱ्याच्या कार्टमध्ये ओतू नका. बंधनकारक वस्तू कचऱ्यात टाकणं हेही स्थानिक नियमाचं उल्लंघन आहे.

डबे-बरण्या धुण्याबद्दल विचारलंत, तर चकाचक करायची गरज नाही. लोणच्याची बरणी, तुपाची बरणी, दह्याचा डबा यांत खरकटं आणि पाणी राहायला नको, एवढंच. ओलसर बरणीने कार्टमधला सगळा कागद भिजतो, आणि भिजलेल्या, तेलकट कागदाला किंमत येत नाही. भांडी घासून झाली की उरलेल्या साबणाच्या पाण्यात एकदा हलवून पालथी घाला. पिझ्झाच्या खोक्याला थोडे डाग चालतात की नाही हे गावागणिक बदलतं. चीज चिकटलेला भाग फाडून कचऱ्यात टाकला आणि कोरडा भाग पुठ्ठ्यात ठेवला तर वाद राहत नाही. वीस पाउंडांच्या तांदळाच्या विणलेल्या पिशव्या कार्टमध्ये नकोत, त्याही दांड्याला गुंडाळल्या जातात. पुन्हा वापरा, नाहीतर कचऱ्यात टाका.

तळणीच्या तेलावर मी जरा जोर देऊन बोलते. ते सिंकमध्ये ओतू नका, गरम पाणी सोडून तर मुळीच नको. टाउनहोमच्या रांगेत घरांचे सांडपाण्याचे पाइप पुढे एकाच पाइपला मिळतात. तुमच्या घरातून गरम असताना सहज गेलेलं तेल पुढे थंड होऊन थिजतं, आणि पाणी उलटं येतं ते कुणा तिसऱ्याच्याच तळमजल्यावर. मग ती दुरुस्ती कोणाच्या खर्चात, यावर महिनोन्‌महिने भांडण चालतं. तेल थंड होऊ द्या, झाकणाच्या बाटलीत भरून किंवा जुन्या कागदात शोषून कचऱ्यात टाका. काही काउंटी केंद्रं तेल घेतातही.

भारतातून आई-वडील राहायला येतात, त्यांच्यापैकी कोणी इन्सुलिन घेत असेल तर सुयांची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवा. सुई कधीही रिसायकलिंगमध्ये नको आणि सुटी कचऱ्यातही नको. पट्ट्यावर हाताने छाननी करणाऱ्या माणसाला ती टोचते. कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या, त्यात सुया टाका, भरत आली की झाकण घट्ट लावून टेप गुंडाळा आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा की हे रिसायकलिंगसाठी नाही. बहुतेक टाउनशिपमध्ये अशी बंद बाटली कचऱ्यात चालते. तुमच्याकडे चालते का ते एकदा विचारून घ्या.

बॅटरीबाबत मात्र माझ्याकडे 'चालतं बहुधा' असं काही नाही. फोन, लॅपटॉप, व्हॅक्युम, टूथब्रश, मुलांची खेळणी यांतल्या लिथियम बॅटऱ्या दोन्हींपैकी कुठल्याच कार्टमध्ये टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चिरडली की ती पेट घेते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०१३ ते २०२० या काळात ६४ कचरा केंद्रांमध्ये अशा बॅटऱ्यांमुळे लागलेल्या २४५ आगींची नोंद आहे. खेटून उभ्या असलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांच्या रांगेत, गॅरेजमधल्या कार्टमध्ये हे घडलं तर काय होईल, याचा विचार करा. टोकांना टेप लावा आणि हार्डवेअरच्या मोठ्या दुकानातल्या बॅटरीच्या पेटीत किंवा काउंटीच्या घातक कचरा संकलनाच्या दिवशी द्या. साधे अल्कलाइन सेल बहुतेक गावांत कचऱ्यात चालतात.

बाकीचं झपाट्याने सांगते. टीव्ही, मॉनिटर, कम्प्युटर न्यू जर्सीत १ जानेवारी २०११ पासून कचऱ्यात टाकता येत नाहीत, त्यांची टाउनशिपच्या किंवा काउंटीच्या केंद्रावर वेगळी सोय असते. फ्रिज आणि एसीमधला वायू आधी काढून घ्यावा लागतो, म्हणून त्यासाठी फोन करून वेळ घ्यावी लागते. सोफा, गादी फुटपाथवर ठेवण्याआधीच कचरा उचलणाऱ्याशी बोलून ठेवा. टाउनहोममध्ये ठेवलेली गादी सगळ्यांना दिसते आणि तुमच्या पत्त्यासकट फोटो माझ्याकडे येतो. झाडांची पानं कचऱ्यात चालत नाहीत. ती बहुधा असोसिएशनचा बागकाम करणाराच नेतो. नव्या घरात आल्यावर खोक्यांचा ढीग पडतो, ते एकदम काढू नका, दोन-तीन फेऱ्यांत विभागा किंवा रिसायकलिंग केंद्रावर स्वतः नेऊन टाका. सुट्टीच्या आठवड्यात खासगी कंपन्या सहसा एक दिवस पुढे सरकतात, टाउनशिपची पद्धत वेगळी असू शकते.

म्हणजे आतापर्यंतचं एवढं: काय टाकायचं हे टाउनशिप आणि काउंटीला विचारा, केव्हा आणि कसं उचलतात हे उचलणाऱ्याला, आणि कार्ट कुठे व किती वेळ दिसू द्यायचा हे असोसिएशनला. दोन नियम भिडले तर कडक तो पाळा.

राहिलं ते पत्र. त्याला उत्तर द्या, गप्प बसू नका. दोन-चार ओळी पुरेत: आम्ही नवीन आहोत, टाउनशिपची वेळ पाहून कार्ट ठेवला होता, यापुढे सात पाळू, आणि हा नियम कोणत्या कागदपत्रात आहे त्याची प्रत मिळावी. माझ्या अनुभवात अशा उत्तरानंतर प्रकरण तिथेच मिटतं, कारण मॅनेजमेंटला दंडापेक्षा कार्ट वेळेवर निघालेले हवे असतात. तरी दंड आलाच, तर दोन गोष्टी तपासा. दंड लावण्याचा अधिकार मास्टर डीड (कम्युनिटीचा मूळ नोंदणीकृत दस्त) किंवा बायलॉजमध्ये (असोसिएशनच्या कारभाराच्या नियमांत) असावा लागतो. आणि न्यू जर्सीत असोसिएशनने तुम्हाला कारणासह लेखी कळवून, न्यायालयाबाहेर वाद सोडवण्याची संधीही द्यावी लागते. तुमच्या कम्युनिटीची कायदेशीर रचना कोणती आहे, म्हणजे कॉन्डोमिनियम की होमओनर्स असोसिएशन, यावर तपशील बदलतो. घर घेताना मिळालेल्या जाडजूड फाइलमध्ये ते पहिल्या काही पानांतच लिहिलेलं असतं. भाड्याने राहत असाल तर पत्र मालकाला जातं आणि दंडही त्याच्याच खात्यावर लागतो, तेव्हा त्याला आधीच कळवा.

आणि सातची वेळ तुम्हाला खरोखरच अडचणीची असेल, म्हणजे दोघेही रात्रपाळीला आणि सकाळी कोणीच घरी नाही असं असेल, तर तसं बोर्डाला लिहा. अशी सवलत दिलेली मी पाहिली आहे, विशेषतः रस्त्यावरून न दिसणाऱ्या टोकाच्या घरांना. वेळेचा नियम साध्या नियमावलीत असेल तर बोर्ड तो बैठकीत मतदानाने बदलू शकतं. मास्टर डीडमध्ये असेल तर घरमालकांचं मतदान लागतं आणि ते फार लांबतं. म्हणून आधी तो कुठे लिहिलाय ते बघा. बोर्डाचे निर्णय ज्या बैठकीत होतात ती घरमालकांना खुली असते. तारीख मॅनेजमेंटकडून मागून घ्या आणि तुमचं पत्र त्याआधी एक आठवडा पोचेल असं पाठवा, म्हणजे विषय अजेंड्यावर येईल.